हवेनं काढलेलं चित्र

“हे काय गं? खाटकाच्या दुकानात फोफसं टांगल्यावाणी दिसायलंय.”

नानांनी माझा फोन हातभर लांब धरला होता. फोटोत खारघरच्या रस्त्याकडेचा एक फलक होता आणि त्या फलकावर माणसापेक्षा उंच, पांढरीशुभ्र फुफ्फुसं.

“फुफ्फुसंच आहेत, नाना. आता पुढचा फोटो बघा.”

त्यांनी बोटानं फोटो सरकवला. तोच फलक, तीच फुफ्फुसं, पण रंग तव्याच्या बुडासारखा.

“पुन्हा रंगवली का?”

“कुणी हातसुद्धा लावला नाही. दहा दिवसांत हवेनं रंगवली.”

नाना माझे सख्खे चुलते. घाटनांदूर, पानगाव, परळी, आंबेजोगाई या टापूत चाळीस वर्षं त्यांनी भिंती रंगवल्या. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, पल्स पोलिओचे दोन थेंब, निवडणुकीतली चिन्हं, बियाण्यांच्या जाहिराती, ग्रामस्वच्छता अभियानाच्या घोषणा. प्रत्येक भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत त्यांची सही असायची. आता हात थरथरतो म्हणून शिडीवर चढत नाहीत, पण ओसरीच्या कोपऱ्यातला ब्रशांचा डबा अजून कुणाला हलवू देत नाहीत.

मी खारघरला राहते. दिवाळीनंतर चार-पाच दिवसांसाठी गावी आले ती एक बेत घेऊनच आले होते. असाच एक फलक परळीला, नाहीतर आमच्या घाटनांदूरच्या स्टेशनबाहेर उभा करायचा. नाना सोबत असले की गाव ऐकेल, असा माझा हिशेब होता. त्या संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं ते आठवतं तसं लिहिते आहे.

“दवाखान्यात हवा गाळायला कापड वापरतात, हेपा म्हणतात त्याला,” मी सांगू लागले. “त्याची ही फुफ्फुसं. मागं पंखे बसवलेत. पंखे रस्त्यावरची हवा ओढतात आणि हवेत जे असेल ते कापडावर बसतं. जानेवारी २०२१मध्ये वातावरण फाउंडेशन आणि झटका या संस्थांनी हा फलक लावला. शेजारीच तळोजा औद्योगिक वसाहत आहे. आम्ही भाजी आणायला त्याच रस्त्यानं जायचो. थोड्या दिवसांत राखाडी, दहाव्या दिवशी हे असं. लहान मुलं तिथं थांबून आईला विचारायची, आपली आतली पण अशीच झाली का म्हणून.”

“खारघरलाच केलंय का हे?”

“आधी बंगळुरूला, २०१८मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात. मग लखनौला. आपल्याकडं खारघरनंतर पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर लावली, चंद्रपुरातही लावली.”

नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि पाय वर घेऊन बसले. ते पाय वर घेतात तेव्हा त्यांना पटलेलं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

“पोरी, मी तुला एक भिंत सांगतो. मोठ्या ओढ्याच्या वाटंवरची. त्या भिंतीवर मी हातभर अक्षरात लिहिलं, उघड्यावर शौचास बसू नये. पिवळ्या रंगावर निळं अक्षर. दोन दिवस घातले त्याच्यात. अन् त्याच भिंतीच्या आडोशाला लोक बसायचे. आडोसा झाला म्हणून बसायचे! ते कामून बंद झालं? माझ्या अक्षरानं नाही झालं. घराघरात संडास बांधले, अनुदान आलं, पहाटे गुड मॉर्निंग पथक फिरायलं, तवा झालं. चित्रानं माणूस बदलत नसतो. मी चाळीस वर्षं चित्रं काढून सांगायलोय तुला.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तोलून-मापून पाहिलेली गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते. म्हणूनच मला उत्तर देणं भाग होतं.

“नाना, तुमच्या भिंती सरकारच्या होत्या. सरकारनं लोकांना जे सांगायचं ते तुम्ही लिहायचात. असं करा, तसं करू नका. हा फलक उलट्या दिशेचा आहे. लोकांनी सरकारला दाखवलेला. त्यावर कुणाला उपदेश नाही. हवा कशी आहे ते हवेनं स्वतः लिहिलंय, आम्ही कापड धरलं एवढंच.”

“अन् सरकारनं वाचलं?”

“हवा लगेच स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. पण आधी प्रत्येकजण आपापल्या घरात खिडकी लावून बसायचा. घसा खवखवला की ऋतू बदलला म्हणायचं. फलक लागल्यावर सोसायटीच्या बैठकीत पहिल्यांदा हवा हा विषय निघाला. आणि एक सांगते, नुसतं कापड नव्हतं. त्याआधी वातावरण फाउंडेशननं तळोजा, खारघर, पनवेल या पट्ट्यात यंत्रं लावून हवा मोजली होती. चित्राच्या मागं आकडे उभे होते.”

“मग आकडेच दाखवायचे की.”

“आकडा कोण बघतं? हवेतला जो कण सगळ्यात घातक, पीएम २.५ म्हणतात तो, तो केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. दिसत नाही, बोचत नाही. नाकातले केस त्याला अडवत नाहीत, थेट रक्तापर्यंत जातो. आपल्या देशात वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून म्हणते ५च्या वर नको. आता हे ४० आणि ५ मी काकूला सांगितलं तर तिला काय कळणार? काळं झालेलं फुफ्फुस मात्र तिला कळतं.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काकूंनी काही म्हटलं नाही.

“आता परळीचं बोल,” नाना म्हणाले.

मला तेच हवं होतं. घाटनांदूरहून परळीकडं गाडी निघाली की पुढचं मोठं स्टेशन परळी वैजनाथ. बाहेरच्यांना ते ज्योतिर्लिंगासाठी ठाऊक, मराठवाड्याला औष्णिक विद्युत केंद्रासाठीही. १९७१मध्ये पहिला संच सुरू झाला. जुने संच एकेक करून बंद झाले, आता २५० मेगावॉटचे तीन आहेत. आपल्या देशातल्या दगडी कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. ती तळ्यांत साठते, ट्रकांतून जाते, वीटभट्ट्यांवर मातीत मिसळते. राखेच्या वाहतुकीबद्दल परळीकरांच्या तक्रारी आपण वर्तमानपत्रांत किती वेळा वाचल्या आहेत.

“तिथं एक फलक लागला,” मी म्हणाले, “तर कुणाला भाषण करावं लागणार नाही.”

“तिथं कुणाला दाखवायचंय?” नानांनी विचारलं. “खारघरच्या लोकांना हवा दिसत नव्हती म्हणून तुम्ही दाखवली. राख आंधळ्यालाबी कळती. दातात कचकच करती. परळीच्या माणसाला हवा कशी हाय हे सांगायला फोफसं टांगली तर तो म्हणंल, हे तर माझ्या आज्यालाबी माहीत होतं. अडलंय ते माहीत नाही म्हणून नाही अडलं. २०१५ला पाणी नव्हतं म्हणून सगळं केंद्र बंद पडलं, आठवतंय? तवा हवा बरी झाली आसंल. पण लोक काय विचारायचे? हवा कशी हाय असं कुणी नाही विचारलं. संच कधी चालू होतो, ट्रक कधी लागतो, भट्टीवर काम कधी निघतं, हेच विचारायचे. जी राख छातीत जाती तीच पोटात जाती. हे तुझ्या चित्रात कसं काढणार?”

इथं मी गप्प झाले. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. खारघरला राहणारा माणूस आणि तळोज्याच्या कारखान्यात राबणारा माणूस बहुतेक वेळा वेगळे असतात. परळीला ते एकाच घरात एकाच ताटावर बसतात.

“पण नाना, राखेवर काम मिळणं आणि राख छातीत जाणं यांची गाठ कुणी मारली?” मी जरा वेळानं म्हणाले. “राख झाकून नेली, ओली करून नेली, तर विटा होत नाहीत का? नियम आहेत. राख वापरायचा पहिला नियम १९९९चा. मग ३१ डिसेंबर २०२१ला नवा निघाला. वीजकेंद्रानं आपली सगळी राख उपयोगात आणलीच पाहिजे, नाही आणली तर उरलेल्या प्रत्येक टनामागं हजार रुपये भरपाई. म्हणजे कायदासुद्धा म्हणतो, राखेची जबाबदारी ज्यानं कोळसा जाळला त्याची. लोकांनी काम सोडावं असं मी म्हणतच नाही. ताडपत्री टाका एवढं म्हणायला आधी कुणीतरी चारचौघांत म्हणावं लागतं.”

“आसं म्हणून कुठं काही झालंय?”

“झालंय. नागपूरजवळ नांदगावला. खापरखेड्याच्या केंद्राची राख तिथल्या तळ्यात टाकू लागले होते. गावकऱ्यांनी आवाज उठवला. कोराडी-खापरखेड्याभोवतीच्या गावांतलं पाणी मंथन अध्ययन केंद्र आणि सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या संस्थांनी तपासून घेतलं, २०२१मध्ये अहवाल निघाला. फेब्रुवारी २०२२मध्ये पर्यावरणमंत्री स्वतः येऊन बघून गेले आणि तिथं राख टाकणं थांबलं.”

नाना पुढं झुकले. “बघ, तूच बोललीस. पाणी तपासलं, कागद झाला, मग मंत्री आला. चित्र कुठं हाय ह्यात?”

मला राग आला, खरं सांगते. नाना चित्रकार असून चित्राची बाजू मी मांडत होते आणि ते कागदाची. पण नंतर विचार करताना जाणवलं, चाळीस वर्षं ज्याच्या हातून दुसऱ्यांचे शब्द भिंतीवर गेले, त्यालाच चित्राची अब्रू जास्त ठाऊक असणार. ज्याच्या मागं काही उभं नाही असं चित्र त्यांना पुन्हा काढायचं नव्हतं.

मी त्यांना लंडनची गोष्ट सांगितली.

लंडनच्या लुइशम भागात एला किसी-डेब्रा नावाची एक मुलगी राहायची. घर वाहत्या रस्त्यालगत. तिला दम्याचे झटके यायचे. २०१३मध्ये, नऊ वर्षांची असताना ती गेली. तिच्या आईनं पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०२०मध्ये चौकशीचा निकाल आला आणि त्या देशात पहिल्यांदा एका माणसाच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण हे शब्द लिहिले गेले. पुढं २०२२मध्ये ड्रायडन गुडविन या चित्रकारानं त्याच भागात एक काम केलं. तिथल्याच रहिवाशांची, हवेसाठी झगडणाऱ्या माणसांची पेन्सिलनं चित्रं काढली आणि ती रस्त्याकडेला मोठी करून लावली. एलाच्या आईचंही त्यात होतं. चित्रातली माणसं काही करत नाहीत. श्वास घेतात.

“श्वास घेतात म्हणजे?” नानांनी विचारलं. आता त्यांचे पाय खाली आले होते.

“एकाच माणसाची एकामागून एक पुष्कळ चित्रं. छाती भरली, तोंड किंचित उघडलं, खांदे वर गेले, मग खाली आले. सगळी ओळीनं बघितली की माणूस श्वास घेताना दिसतो.”

“पेन्सिलनं?”

“पेन्सिलनं.”

नाना बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “खांदा अवघड जातो. चेहरा कुणीबी काढंल. दम लागलेल्या माणसाचा खांदा वर जातो अन् गळ्यापाशी खड्डा पडतो. इथं.” त्यांनी आपल्या गळ्याच्या खळग्याला बोट लावलं. “तो खड्डा पेन्सिलनंच निघतो. ब्रशनं नाही निघत. त्या बाप्यानं कुणाला तरी दम लागलेला जवळून बघितलेलं हाय.”

गुडविननं तसाच एक संच २०१२मध्ये आपल्या पाच वर्षांच्या मुलाचा केला होता आणि तो ब्रिटिश संसदेसमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर दाखवला होता. हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. पहिल्याच वाक्यात त्यांना जे समजलं होतं त्यात या माहितीनं काही भर पडली नाही.

“हे बरं हाय,” ते म्हणाले. “फोफसं कुणाचीच नसतात. हा चेहरा वळखीचा. रस्त्यानं जाणारा म्हणंल, अरे ही तर आपल्या गल्लीतली. पण आता मला एक सांग. तू म्हणतीस हवा कधी वाईट असती?”

“थंडीत. जमिनीजवळची हवा गार होते आणि वर उबदार थर बसतो. झाकण घातल्यासारखं. धूर वर जातच नाही.”

“अन् थंडीत गाव कुठं असतं?”

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

“दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन जातं. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. नवराबायको मिळून एक कोयता. उसाच्या फडात पाचट जळतं, त्याच्या कडंला कोप, कोपीपुढं तीन दगडाची चूल. त्यांचा धूर तिकडं असतो अन् तुझा फलक इकडं स्टेशनावर. मार्च-एप्रिलात ते माघारी येतात तवा ऊन पडलेलं असतं, हवा मोकळी झालेली असती. ज्याच्या छातीत गेलं त्यानं बघितलंच नाही. मग बघणार कोण? मी अन् तुझी काकू.”

बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात, हे आपण सगळे इतक्या वेळा वाचतो की ते वाक्य डोळ्यांवरून निघून जातं. हवेच्या नकाशात ही माणसं कुठंच बसत नाहीत, हे मला त्या ओसरीवर कळलं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९मध्ये सुरू झाला. त्यात देशातली सुमारे १३० शहरं आहेत. आपल्या राज्यातली १९. जवळचं म्हणाल तर लातूर आहे. कार्यक्रम शहरांचा, पैसा शहरांना, मोजमाप शहरांत. खेड्यातली हवा चांगलीच असते हे आपण सगळे न मोजता धरून चाललोय. सुट्टीत मुलांना गावाकडं नेताना मीही तेच म्हणते, जरा मोकळी हवा मिळेल.

काकू बाहेर आल्या. पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना खोकला आला आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग त्या म्हणाल्या:

“मघापासून ऐकायलेय तुमचं. परळी, लंडन, नागपूर. धूर बघायला एवढं लांब कशाला जायलात? आत या की.”

काकूंकडं गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६मध्ये आली तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच जणींकडं आला. चहा, दूध, पाहुणे आले तर भाजी, हे गॅसवर. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण टाकीचे पैसे रोख लागतात आणि तुराट्या, पऱ्हाट्या आपल्याच रानातल्या. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. स्वयंपाकघराचं छत काजळीनं इतकं काळं आहे की त्यावर दिव्याचा उजेडसुद्धा चमकतो. धुराडं आहे, पण पावसाळ्यात गळतं म्हणून त्यावर पत्रा टाकला तो तसाच राहिला.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरामुळं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली. ही संख्या मला पाठ होती. मी ती कुठंतरी भाषणातही वापरली आहे. आणि लहानपणापासून ज्या चुलीची भाकरी खाल्ली तिच्यापुढं बसलेल्या बाईचा खोकला मी कधी त्या संख्येत धरला नव्हता. दिल्लीत, लखनौत, खारघरला फुफ्फुसं लागली ती सगळी रस्त्यावर, चौकात, रुग्णालयाच्या आवारात. स्वयंपाकघरात एकसुद्धा लागल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यातल्या फलकालासुद्धा स्टेशनची जागा सुचली, चुलीची सुचली नाही.

“मग काय करावं, काकू?” मी विचारलं.

“मला काय विचारतीस? एक खरं, परळीच्या राखेला नाव ठेवायचं आसंल तर ठेवा. पण मग ह्या धुरालाबी ठेवा. न्हाईतर लोक म्हणतील, आपलं झाकून दुसऱ्याचं उघडं करायलेत.”

नाना उठले आणि आतून एक जुनं धोतर घेऊन आले. विरलेलं, पण स्वच्छ पांढरं.

“आंबेजोगाईला दासोपंतांची पासोडी हाय,” ते म्हणाले. “मी पोरगा असताना एकदा लांबून बघितली. कागद नव्हता म्हणून म्हण का कशानं म्हण, कापडावर लिहिलंय सगळं. शब्दबी हायती अन् आकृत्याबी. पंचीकरण. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. माणूस कशाचा बनलाय ते. तवापासून मला वाटायचं, भिंतीपेक्षा कापड बरं. भिंत जागची हलत नाही. कापड घडी घालून कुठंबी नेता येतं. कलेक्टरच्या टेबलावरबी पसरता येतं.”

दासोपंत सोळाव्या-सतराव्या शतकातले. घाटनांदूर ज्या तालुक्यात येतं त्याच तालुक्याच्या गावी ही पासोडी जपलेली आहे, आणि तिच्यावर ज्या पाच तत्त्वांचं विवेचन आहे त्यात एक वायू आहे. बेत करून आले होते मी, पण ही जोड मला सुचली नव्हती.

“ह्याचे हात-हात तुकडे करायचे,” नाना धोतर पसरत म्हणाले. “एक चुलीपाशी, एक स्टेशनावर, एक भट्टीच्या वाटंला. शाळेत एक, कॉलेजात एक. जे फडावर चाललेत त्यांच्या गाठोड्यात एकेक द्यायचा. कोपीवर टांगा म्हणायचं, माघारी आले की घेऊन या. मग सगळे तुकडे शिवायचे. खाली मी लिहितो. तारीख, जागा, किती दिवस टांगलं, अन् कुणी टांगलं.”

“पण नाना, हे मोजमाप होत नाही,” मी म्हणाले. आता शंका काढायची पाळी माझी होती. “कापडावर मोठी धूळ बसते. घातक कण डोळ्याला दिसणारच नाहीत. उद्या कुणी अधिकारी म्हणेल, दोन भट्ट्यांमधली साधी माती आहे ही.”

“मग मोजायचं बी शिकव. तूच शिकलीस ना?”

एक जुनी रीत आहे. रुंद तोंडाची बरणी उघड्यावर महिनाभर ठेवायची, तीत पडलेली धूळ वाळवून तोलायची आणि तोंडाच्या क्षेत्रफळानं भागायचं. यंत्रांच्या आधीपासून शहरांतली धूळ अशीच मोजत आले आहेत. गावात वसुंधरा महाविद्यालय आहे, विज्ञान शिकणाऱ्या मुलांना हे अवघड नाही. त्यानं सूक्ष्म कण कळणार नाहीत, पण कापडाशेजारी एक आकडा उभा राहील. स्वयंपाकघरासाठी हातात मावणारं एखादं यंत्र मी मुंबईहून आणू शकते. कापड बघणाऱ्याला थांबवील आणि वही त्याला उत्तर द्यायला लावील, असं मला वाटू लागलं होतं. नानांना मात्र वहीपेक्षा कापडाखालच्या नावावर जास्त भरवसा होता.

त्यावरच आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. मला नाव नको होतं. भट्टीवर रोजानं जाणाऱ्या माणसानं भट्टीच्या वाटेवर कापड टांगलं आणि खाली नाव लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतील का? खारघरला आम्ही फलकासमोर उभं राहून फोटो काढले, आमचं काही गेलं नाही. इथं जाऊ शकतं. नाना म्हणाले, बिनानावाचं कापड म्हणजे पुन्हा सरकारी भिंत, कुणाचीच नाही. मी म्हणाले, मग जागेचं नाव लिहू, माणसाचं नको. ते म्हणाले, जागा श्वास घेत नाही. दोघांचंही खरं होतं, आणि अजूनही मला या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. ज्याला गमवायचं आहे त्यानं ठरवावं, आम्ही ओसरीवर बसून ठरवू नये, एवढंच मी त्या रात्री म्हटलं.

काकूंनी धोतराचा पहिला तुकडा आपल्या हातानं फाडला. दातानं काठ तोडला आणि टर्रकन ओढला.

“माझ्या चुलीवरचं खुशाल लावा,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या एकटीचं चौकात टांगायचं नाही. गल्लीतल्या वीस घरचे जमू द्या, मग टांगा. न्हाईतर लोक कापड बघून म्हणतील, बाई आळशी हाय, घर सारवत नाही. अन् नाव लिहायचं आसंल तर माझं लिहू नका. ह्यांचं लिहा. धुराड्यावरचा पत्रा ह्यांनी काढायचाय.”

नानांनी ब्रशांचा डबा ओढून घेतला. सगळ्यात बारीक ब्रश काढला, टोक ओठात धरून सारखं केलं, काळ्या रंगाची बाटली हलवली. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरून त्यांनी कापडाच्या खालच्या कडेला आधी तारीख घातली, मग घाटनांदूर, मग स्वयंपाकघर. उजव्या कोपऱ्यात, चाळीस वर्षं जिथं सही करत आले तिथं, त्यांनी नाव लिहिलं. नावाआधी ते नेहमी ‘पेंटर’ असं लिहायचे. या वेळी त्यांनी ‘घरमालक’ लिहिलं, फुंकर घालून वाळवलं आणि कापड काकूंच्या हातात दिलं.

वैलाच्या वर दोन खुंट्या होत्या. काकूंनी कापड त्यांना बांधलं.

मी निघाले तेव्हा चौथा दिवस होता. कापडाची वरची कड पिवळसर पडली होती. धुराड्यावरचा पत्रा अजून तिथंच होता, पण नाना शेजाऱ्याकडून शिडी घेऊन आले होते आणि ती भिंतीला लावून, वर कुणाला चढवायचं याचा विचार करत अंगणात उभे होते.